एका माव्याचे ५९० कोटी

प्रवरेकाठच्या बेलापुरात परसबाग आणि उसाचा फड यांच्यामध्ये बऱ्याचदा नुसते एक कुंपण असते. १९२६ मध्ये भंडारदऱ्याचे धरण पूर्ण झाले, कालव्यांच्या पाण्याला भरवसा आला आणि बेलापूर शुगर कंपनीच्या हरेगावच्या कारखान्याभोवती ऊस पसरत गेला. तेव्हापासून या भागात हिरवे रान कधी पूर्ण संपलेच नाही. गोठा, उकिरडा, हौद, फड आणि अंगणातली जास्वंद हे सगळे हाकेच्या अंतरावर. घरातली कीड कुठली आणि रानातली कुठली, अशी वाटणी इथे करता येत नाही. माझ्या मते ती करूही नये, कारण दोन्हीकडचे गणित एकच आहे आणि ते समजल्याशिवाय औषधाचा पंप उचलण्यात अर्थ नाही.

जास्वंदीपासूनच सुरुवात करू. कोवळा शेंडा जरा वाकडा झालेला दिसतो, कळी चिकट लागते आणि पान उलटले की हिरवट-काळपट ठिपके दाटीवाटीने बसलेले असतात. हा मावा. भिंग घेऊन थोडा वेळ पाहिले की एखाद्या फुगीर माव्याच्या मागच्या बाजूने फिकट रंगाचे पिल्लू बाहेर येताना दिसते, शेपटीकडून आधी. थोड्याच वेळात ते सुटे होते, पाय ताठ करते आणि आईच्या शेजारीच देठात सोंड खुपसते. अंडे नाही, नर नाही, मीलन नाही. आपल्याकडच्या उबदार हवेत मावा बहुतेक असाच वाढतो. त्याहून थक्क करणारी गोष्ट आत आहे: जन्माला येणाऱ्या त्या पिल्लाच्या पोटात पुढच्या पिढीचे गर्भ आधीच धरलेले असतात. आजीच्या पोटात लेक, आणि त्याच वेळी लेकीच्या पोटात नात.

जिनिव्हाच्या शार्ल बोने याने १७४० मध्ये नुकताच जन्मलेला एक मावा एकटा झाकून ठेवला आणि त्याच्यावर पाळत ठेवली. नर जवळपासही नसताना त्या एका माव्याने ९५ पिल्ले दिली. रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने पुढचा हिशोब मांडला. एका माव्याला ९० पिल्ले, प्रत्येक पिल्लाला ९०, अशा पाच पिढ्या. उत्तर आले ५,९०,४९,००,००० म्हणजे ५९० कोटी ४९ लाख. मावा साधारण दोन मिलिमीटर लांब धरला आणि ही पाचवी पिढी एका रांगेत उभी केली, तर रांग ११,८०० किलोमीटर होईल. काश्मीर ते कन्याकुमारी हे अंतर साडेतीन वेळा पार करून ती आणखी पुढे जाईल. एका माव्याचे वजन अर्धा मिलिग्रॅम धरले तर सगळ्यांचे मिळून तीन टनांच्या आसपास भरेल. एवढे सगळे एका जिवापासून, आणि पोषक हवामानात पिढीला आठ-दहा दिवस लागतात असे धरले तर दीड महिन्यात. दिवाळीला एक मावा बसला तर मार्गशीर्ष संपायच्या आत.

हा हिशोब कुठल्याही बागेत पुरा होत नाही, हे उघड आहे. तरीही त्याचे मधले टप्पे मला शेवटच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचे वाटतात. पहिल्या दिवशी एक. दहाव्या दिवशी ९०. विसाव्या दिवशी ८,१००. तिसाव्या दिवशी ७,२९,०००. चाळिसाव्या दिवशी ६ कोटी ५६ लाख. पहिल्या दिवशी बोटाने चिरडता आला असता तो मावा तिसाव्या दिवशी सात लाखांचा झालेला असतो, आणि बहुतेक घरांत कीड लक्षात येते ती विसाव्या आणि तिसाव्या दिवसाच्या मध्ये कधीतरी. सकाळी पाणी घालताना रोज दोन शेंडे उलटून पाहणे हे जगातल्या कुठल्याही औषधापेक्षा स्वस्त आणि परिणामकारक आहे, ते यामुळेच.

आता औषधाचा हिशोब. समजा झाडावर १०,००० मावा आहे आणि आपण मारलेल्या औषधाने शंभरातले ९९ मेले. डब्यावर ९९ टक्के लिहिलेले असले की आपल्याला समाधान वाटते. उरले १००. त्यांना ९०-९० पिल्ले झाली की दहा दिवसांनी ९,०००. म्हणजे एका पिढीत आपण जवळजवळ होतो तिथेच. पण त्याच फवाऱ्यात माव्यावर जगणारा ढालकिडाही मेला, त्याची काळी-नारिंगी अळीही मेली, तशीच मावा खाणारी क्रायसोपा या किडीची अळीही मेली. पूर्ण वाढलेला ढालकिडा दिवसाला पन्नासच्या आसपास मावा खातो, पण अंड्यापासून भुंगेरा व्हायला त्याला तीन ते चार आठवडे लागतात. तेवढ्यात माव्याच्या तीन पिढ्या होतात. शिवाय वाचलेला एक टक्का योगायोगाने वाचला असेल किंवा त्या औषधाला दाद न देणारा म्हणून वाचला असेल. दुसऱ्या प्रकारातला असेल तर त्याची ९० पिल्लेही दाद देणार नाहीत.

हे जास्वंदीपुरते खरे असते तर सोडून देता आले असते. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात वर्षाला अंदाजे साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे आणि सुमारे आठ लाख मरत. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि घरांच्या भिंतींवर डीडीटी मारले जाऊ लागले. १९६५ पर्यंत रुग्ण एक लाखाच्या घरात आले. साडेसात कोटींचे एक लाख, म्हणजे ९९.८ टक्क्यांहून जास्त घट. इतके मोठे यश सार्वजनिक आरोग्यात फार थोड्यांच्या वाट्याला आले आहे आणि त्यासाठी राबलेल्या फवारणी कामगारांचे ऋण मोठे आहे. पण डास डीडीटीला सरावत गेले, यंत्रणा सैलावली आणि १९७६ मध्ये आकडा पुन्हा सुमारे ६४ लाख ७० हजारांवर गेला. अकरा वर्षांत जवळजवळ ६५ पट. उरलेला ०.२ टक्क्यांहूनही कमी भाग काय करू शकतो, हे देशाने एकदा पाहिले आहे.

डासांकडे आलोच आहोत तर घरातल्या रांजणाजवळ जरा थांबू. डेंग्यू पसरवणारी एडिस जातीची मादी एका वेळी १०० ते २०० अंडी घालते, तिच्या आयुष्यात अशा तीन ते पाच खेपा होतात, आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला गरमीत सात ते दहा दिवस पुरतात. पण तिची खरी ताकद वेगळी आहे. ती अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, रांजणाच्या ओलसर भिंतीला चिकटवते. रांजण रिकामा केला, पालथा घातला, तरी अंडी भिंतीलाच असतात आणि कोरडी राहूनही आठ महिन्यांपर्यंत टिकतात. कार्तिकात घातलेली अंडी ज्येष्ठातल्या पावसाच्या पाण्यात फुटू शकतात. म्हणून आठवड्याचा 'कोरडा दिवस' पाळायचा तर पाणी ओतून देणे हे अर्धेच काम. आतली भिंत घासणीने किंवा काथ्याने खसाखसा घासली पाहिजे, काठाखालचा वीतभर पट्टा तर विशेष करून. सात दिवसांचा नियमही कुणी हवेतून काढलेला नाही, तो अळीच्या वाढीवरून आला आहे. आठवड्यातून एकदा घासले तर डास होण्याआधी प्रत्येक अळी सापडते. पंधरा दिवसांनी घासले तर तिची पिढी उडून गेलेली असते. मोठ्या हौदात हे जमत नाही, तिथे गप्पी मासे.

एक डास एका वेळी दोन-तीन घनमिलिमीटर रक्त पितो. चहाच्या चमचाभर रक्तासाठी दोन हजार चावे लागतील. रक्ताची भीती बाळगायचे कारण नाही. भीती आहे ती त्या सुईतून आत येणाऱ्या विषाणूची, आणि त्याला एकच चावा पुरतो.

घरमाशीचा हिशोब कारखान्याच्या भाषेत मांडता येतो. मादी एका खेपेला १२० अंडी घालते असे धरू, प्रत्यक्षात ती चार-पाच खेपा घालते. निम्म्या माद्या. सात पिढ्यांनंतर ५ लाख ५९ हजार ८७२ कोटी माशा. एका माशीचे वजन १२ मिलिग्रॅम धरले तर हे वजन ६७ हजार टनांच्या पुढे जाते. दिवसाला ५,००० टन ऊस गाळणाऱ्या कारखान्याच्या काट्यावर हा माल आणला, तर गाळायला तेरा-चौदा दिवस लागतील. हे सगळे सुरू होते ते उकिरड्याच्या वरच्या ओल्या, ऊबदार थरात. अळीला ओल हवी असते आणि कोषात जाताना कोरडी कड हवी असते. खड्डा झाकला, शेण-कचरा आठवड्याला उलथापालथा केला की ढिगाच्या पोटातल्या उष्णतेने अळ्या मरतात. स्वयंपाकघरात फवारा मारून माशी कमी होत नाही, कारण तिचे घर तिथे नसतेच.

स्वयंपाकघरात घर असते ते झुरळाचे, त्या बारक्या, तपकिरी, ओट्याच्या फटीत राहणाऱ्या झुरळाचे. जगभर ते जर्मन झुरळ म्हणून ओळखले जाते, पण २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार ते सुमारे २,१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या बाजूला आशियाई झुरळापासून वेगळे झाले आणि माणसाच्या घरांतून जगभर गेले. मादी अंड्यांची कुपी अंगाला चिकटवून फिरते, फुटायच्या जेमतेम आधी टाकते. एका कुपीत ३० ते ४० अंडी. प्रत्येकीची ४० अंड्यांची एकच कुपी, निम्म्या माद्या आणि वर्षात तीनच पिढ्या, इतका कंजूष हिशोब केला तरी तिसऱ्या पिढीत १६,०००. कुपीचे कवच औषध आत जाऊ देत नाही. म्हणून फवाऱ्याने चार दिवस बरे वाटते आणि मग पिल्ले दिसू लागतात. फटीत टिंबाटिंबाने लावायची जेल त्यापेक्षा बरी, कारण ती पुढे बाहेर येणाऱ्या पिल्लांसाठीही तिथे राहते, आणि रात्री ओटा व मोरी कोरडी ठेवणे सर्वांत बरे.

उंदरांबाबत महाराष्ट्राला एक आकडा पाठ आहे. मार्च २०१८ मध्ये एकनाथ खडसे यांनी विधानसभेत मंत्रालयातल्या उंदरांचा प्रश्न काढला: सात दिवसांत ३,१९,४०० उंदीर मारल्याची नोंद. भागाकार केला तर दिवसाला ४५,६२८, मिनिटाला जवळजवळ ३२, रात्रंदिवस न थांबता. नंतर सरकारकडून खुलासा आला की हा आकडा उंदरांचा नाही, विषाच्या गोळ्यांचा आहे. मुंबई महापालिकेच्या रात्रपाळीच्या मूषक संहारकाला काठी-बॅटरी घेऊन रात्रभरात ३० उंदीर मारायचे असतात आणि ते काम किती कष्टाचे आहे हे ज्याने पाहिले आहे, त्याला तो पहिला आकडा ऐकताच खटकला असता. किती औषध घातले आणि किती कीड गेली, हे दोन वेगळे आकडे आहेत. आपण घरीही पहिलाच मोजतो.

आता पहिल्या पावसाकडे. मृगाची सर आली की त्या संध्याकाळी बेलापूरच्या परिसरात दोन गोष्टी एकदम जमिनीतून वर येतात. एक, वाळवीचे पंखवाले नर-मादी, जे दिव्याभोवती ढिगाने पडतात. आपल्याकडच्या वारूळ बांधणाऱ्या वाळवीची पूर्ण वाढलेली राणी सेकंदाला सुमारे एक अंडे घालताना मोजली गेली आहे. दिवसाचे सेकंद ८६,४००. हा वेग महिनाभर टिकला तर पंचवीस लाखांवर. अशी एक राणी होण्यासाठी त्या संध्याकाळी हजारो माद्या उडतात आणि बहुतेक सगळ्या बेडूक, पाली, कोतवाल, मुंग्या यांच्या पोटात जातात. दिव्याखाली बसलेला बेडूक एका संध्याकाळी किती राण्या गिळतो याची कुणी नोंद ठेवत नाही, पण घराच्या चौकटी शाबूत आहेत त्यात त्याचा वाटा आहे. त्याला हाकलू नये.

दुसरी गोष्ट हुमणीचे भुंगेरे. ऊस पिकवणाऱ्या घराला हुमणी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. श्रावण-भाद्रपदात उभा ऊस पिवळा पडतो, हाताने ओढला तर मुळांशिवाय हातात येतो, आणि खाली पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली अळी सापडते. घरच्या गुलाबाला आणि भुईमुगालाही ती सोडत नाही. तिच्याशी लढायची सोपी वेळ वर्षातून थोडेच दिवस येते. त्या पहिल्या पावसानंतर सूर्य मावळला की भुंगेरे जमिनीतून निघून कडुलिंबावर, बाभळीवर, बोरीवर जमतात. फांदी हलवली की टपटप खाली पडतात. बॅटरी घेऊन गोळा करायचे आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्याच्या बादलीत टाकायचे. एक मादी पन्नास-साठ अंडी घालते. अंडी घालण्याआधी हजार माद्या बादलीत गेल्या तर पन्नास-साठ हजार अळ्या जन्मालाच आल्या नाहीत, आणि हे काम चार पोरे एका लिंबाखाली दोन तासांत करू शकतात. तेच पन्नास हजार भाद्रपदात फडात शोधायचे म्हटले तर कुणाच्याही बापाला जमणार नाही. एकट्याने करून मात्र उपयोग थोडा; भुंगेऱ्याला शिवेचा बांध कळत नाही, सगळ्या शिवारानेच झाडे हलवावी लागतात.

उसावरच २००२ मध्ये महाराष्ट्रात लोकरी मावा आला. पानांखाली पांढरी लोकर, वरच्या बाजूला काळी बुरशी, फडात शिरले की कपडे चिकट. आपल्या जास्वंदीवरच्या माव्याचाच भाईबंद, तसाच नराशिवाय वाढणारा, आणि खायला लाखो एकर ऊस. उंच वाढलेल्या फडात पंप घेऊन शिरणेच अवघड, मग फवारणार किती? हा मावा आटोक्यात आला तो मुख्यतः त्याला खाणाऱ्या दोन किडींमुळे: कोनोबाथ्रा या पतंगाची अळी आणि मायक्रोमस. शेतकऱ्यांनी त्या वाढवल्या, एकाने पानांसकट दुसऱ्याच्या फडात नेऊन सोडल्या. माझ्या मते ही महाराष्ट्राच्या शेतीतली फार मोठी गोष्ट आहे आणि ती पुरेशी सांगितली जात नाही.

खाणारे किती खातात याचा अंदाज कोळ्यांवरून येतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका हिशोबानुसार जगभरचे कोळी वर्षाला ४० ते ८० कोटी टन भक्ष्य खातात, त्यात बहुतांश कीटक. सगळी माणसे मिळून वर्षाला मांस-मासे खातात ते सुमारे ४० कोटी टन. दसऱ्याला घरातली जळमटे जरूर काढावीत. परसातल्या कुंपणावरची जाळी मात्र राहू द्यावीत.

शेवटी धान्याच्या डब्यातली एक कीड. ज्वारी-तांदळात दाणे एकमेकांना चिकटून गाठी होतात, आत जाळे असते आणि झाकण उघडले की करडी पाकोळी उडते. उन्हात वाळवणे, चाळणे, लिंबाचा पाला घालणे, सगळे उपाय आपण तिच्यावर करतो. हीच पाकोळी प्रयोगशाळांत मुद्दाम भरडलेल्या ज्वारीवर वाढवली जाते. तिची अंडी गोळा करून पोस्टकार्डाएवढ्या कागदावर डिंकाने चिकटवतात आणि त्यावर ट्रायकोग्रामा नावाची गांधीलमाशीची अर्ध्या मिलिमीटरची चुलत बहीण सोडतात. ती प्रत्येक अंड्यात आपले अंडे घालते. पाकोळीची अळी बाहेर येण्याऐवजी तिची पिल्ले बाहेर येतात. एका कार्डावर सुमारे २०,००० अंडी. हे झाले ट्रायकोकार्ड. उसात खोडकिडीची अंडी शोधून त्यांत अंडी घालण्याचे काम ही पिल्ले करतात, जे कुठल्याही माणसाच्या डोळ्यांना शक्य नाही. त्या सगळ्यांना एका ओळीत ठेवले तर रांग दहा मीटरची होईल, आणि तेवढ्या फौजेवर एक एकर सोपवला जातो.

कार्ड संध्याकाळी, ऊन उतरल्यावर लावायचे. पट्ट्यांवर कापून, प्रत्येक पट्टी पानाच्या खालच्या बाजूला टाचायची, म्हणजे ऊन आणि पाऊस लागत नाही. मुंगळ्यांची वाट असेल ते पान टाळायचे. दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा एक. आणि मधल्या काळात त्या एकरात, तसेच कुंपणाला लागून असलेल्या परसबागेतही, कीटकनाशक मारायचे नाही. नाहीतर वीस हजारच्या वीस हजार त्याच संध्याकाळी जातात आणि खोडकिडीचे १०० मधले एक मात्र उरते.